चौथे चाक

चित्रातल्या लाकडी बैलाला चार चाके होती. तीन चाकांना सहा-सहा आरे होते. मागचे उजवे चाक मात्र भरीव होते. नुसती गोल चकती, कडेला किंचित वाकडी. तिच्या मधल्या भोकाभोवती पेन्सिल दाबून फिरवलेली होती. म्हणजे तिथले लाकूड काळे होते, बहुधा जळालेले.

एका शिंगाला चिंधी गुंडाळलेली होती. चिंधीच्या कडेला बारीक ठिपक्यांची रांग. सगळे चित्र काळ्या पेन्सिलीत, करड्या छटांमध्ये.

प्रणाली सोमकुवरने भिंग पर्समध्ये ठेवले.

"काढणाऱ्याने बैल समोर ठेवून काढलाय," ती म्हणाली. "मनातून काढला असता तर चारही चाकं सारखी आली असती."

"तान्ह्या पोळ्याचा नंदी आहे," अंकुर म्हणाला. "आमच्या घरी माळ्यावर तीन पडून आहेत. यात पाहण्यासारखं काय आहे?"

अंकुर कळंबे हा प्रणालीचा शाळेपासूनचा मित्र. विम्याचे काम करायचा आणि उरलेल्या वेळात तिची गाडी चालवायचा. प्रणालीने कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणे सोडून पांढुर्ण्याला खासगी तपासाचे ऑफिस उघडले, तेव्हा तिला वेड लागले असे उघडपणे म्हणणारा तो एकटाच होता, आणि रोज संध्याकाळी चहाला येणाराही तो एकटाच.

पांढुर्ण्याच्या सभागृहात 'जुनी खेळणी' नावाचे चित्रांचे प्रदर्शन भरले होते. भिंतींवर भोवरे, ठकी, भातुकली. ज्या बाईने त्यांना इथे आणले होते ती बैलाच्या चित्राकडे पाठ करून उभी होती. सकाळी ती ऑफिसात आली तेव्हा खुर्चीवरही बसली नव्हती. आधी चित्र पाहा, मग बोलते, एवढेच म्हणाली होती.

"आता बोला, सुचिताबाई."

सुचिता कामडी पन्नाशीची होती. तिगावची. तिने पदर नीट केला.

"हा माह्या लेकराचा नंदी आहे, मॅडम. लेकरू याच्यासंगंच नाल्यात वाहून गेलं. चोवीस वर्सं झाले." तिने श्वास घेतला. "मंग पाण्यात गेलेल्या नंदीचं चित्र कोनं काढलं?"

अंकुरने चित्राकडे पुन्हा एकदा पाहिले. या वेळी जरा जास्त वेळ.

"तोच नंदी कशावरून?" प्रणालीने विचारले.

"ते चिंधी म्याच बांधली हाये."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, तिगावात लेकरे लाकडी नंदी ओढत मारुतीसमोर जमतात. त्या दिवशी पांढुर्ण्याला नदीवर गोटमार असते, दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारण्याचा खेळ. गावातले झाडून सगळे पुरुष तिकडे. मागे उरतात बाया आणि पोरे. त्या पाडव्यालाही तसेच होते. साडेतीन वर्षांचा बाळू नंदी ओढत देवळाच्या मागे आला आणि पायरीवर नंदी आपटून त्याचे शिंग मोडले.

"रडायले लागला. म्या माह्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडला अन बांधला शिंगाले. म्हटलं, पाह्य, बैलाले पट्टी बांधली, आता बरा होईल. हासला. मंग आरती सुरू झाली म्हणून म्या ताट उचलाले वळली. फिरून पाह्यते तं लेकरू नाई."

"रडण्याचा आवाज?"

"नाई ना. तेच तं! आमचा बाळू परक्याच्या कडेवर जातच नव्हता. सारं गाव डोक्यावर घे."

संध्याकाळी पुरुष परत आले. कंदील, टॉर्च घेऊन शोध झाला. देवळामागच्या नाल्याला पूर होता. काठावर बाळूची एक चप्पल आणि नंदीचे एक चाक सापडले. बाकी काहीच नाही.

तिने पिशवीतून रुमालाची गाठ काढून सोडली. आत सहा आऱ्यांचे, बांगडीएवढे चाक होते. प्रणालीने ते उजेडात धरून फिरवले. कडेला एकही टवका उडालेला नव्हता. मधले भोक स्वच्छ आणि गोल होते.

"चिंधीचं कोणाकोणाला सांगितलं होतं?"

"कोनालेच नाई. नंदी यायनं आणला होता, माह्या मालकानं. तोडला म्हटलं असतं तं लेकराले झोडपलं असतं. अन मंग लेकरूच गेलं. शिंगाचं कायले सांगू?"

"तेव्हापासून काय करता?"

प्रश्न विचित्र होता, पण सुचिताला तो कळला.

"दारात बसते," ती म्हणाली. "लोकं हासते. घर माह्या बापानं माह्या नावावर करून देल्लं. आता हे म्हणते, इकून टाकू, पांढुर्ण्याले राहू. गिऱ्हाईक येऊन बसलं हाये. मोठे भाऊजी बी मांगं लागले. म्या हो नाई म्हटलं, नाई बी नाई म्हटलं. लेकरू आलं तं कोन्त्या दारात येईल, सांगा?" तिचा आवाज तसाच सपाट होता. "मले येवढंच पाह्यजे. हाये का नाई. मंग माहं मी पाहून घेईन."

*

तिगावात गुणवंता कामडी अंगणात संत्र्याच्या रोपांना पाणी घालत होता. साठीचा माणूस. केस कापसासारखे पांढरे, पण भुवया अजून काळ्या आणि नाकावर एकमेकींना टेकलेल्या. त्यामुळे तो कायम रागावलेला वाटायचा. आत्ता तर रागावलेलाच होता.

"हे घेऊन आली होय तुम्हाले? चोवीस वर्सं झाले, हिचं डोकं काई ठिकाणावर येत नाई."

"एकदा चित्र तेवढं पाहा, गुणवंतराव," प्रणाली म्हणाली आणि तिने फोनवरचा फोटो पुढे केला.

त्याने चष्मा लावला. फोन लांब धरला, जवळ घेतला.

"असे नंदी रगड हाये गावोगावी. पोळ्याले शिंगं सजवतेच लोकं. हिरवी चिंधी कोनीबी बांधते. एवढ्यावरून हाच तो नंदी म्हणून राहिली ही?" त्याने फोन परत दिला. "मले घर इकायचं हाये, मॅडम. तुम्हीच समजवा तिले. इथं काय ठेवलं हाये आता?"

"त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"पाडव्याले बाप्या मानूस कुठं राह्यते? गोटमारीले. दिवसभर नदीवर."

"तेव्हा काम काय करायचे?"

"कापसाच्या जिनिंगमधे होतो, पांढुर्ण्याले. हंगाम असला का तिकडंच मुक्काम." त्याने बादली उचलली. "अजून काई?"

शेजारच्या घरी केशवराव खाटेवर बसून संत्रे सोलत होते. गुणवंताचे थोरले भाऊ. कपाळावर जुन्या जखमेची खोल खूण.

"बसा, बसा. घ्या, फोडी घ्या. आंबट हायेत, पन आपल्या बागेतल्या हायेत." त्यांनी फोटो पाहिला. "नंदी दिसते. शिंगाले हे काय गुंडाळलं हाये? सुतळी का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मले? मले चष्म्याबिगर माहा जावई बी ओळखू येत नाई."

अंकुर हसला. प्रणालीने कपाळावरच्या खुणेकडे बोट केले.

"ही गोटमारीची?"

"हाव. तेच साल, तोच दिवस. जेवणाच्या आधीच गोटा बसला. मले दवाखान्यात नेलं, टाके पडले. सांजेले गावच्या टेम्पोत बसलो तं सारेच होते, गुणवंता बी होता. घरी आलो तं हा आकांत!"

"चप्पल कोणाला सापडली?"

"मले. टॉर्च माह्या हातात होता ना. गुणवंता म्हणे, भाऊ, इकडं मार, त्या काळ्या दगडापाशी. मारला, तं चप्पल अन चाक." त्यांनी संत्र्याचे साल खाली टाकले. "मोठं गुणी लेकरू होतं, बाई. सातमाशी. मुठीएवढं झालं होतं. सुचितानं कापसात गुंडाळून वाढवलं. माह्या, नाई तं मायबापाच्याच कडेवर जाये. गुणवंता मातर जास्त घेत नव्हता त्याले. सातमाशी म्हणून भीत असंल."

"गुणवंतरावांना दुसरं मूल झालं नाही. मग शेत कोणाला जाणार?"

केशवरावांनी संत्र्याची बी थुंकली.

"माह्या पोरांले. बोला ना, लोकं मांगून बोलते. तुम्ही तं तोंडावर इचारलं."

परत येताना अंकुर गाडीत म्हणाला, "केशवराव. मी लिहून देतो. शेत त्याचं, टॉर्च त्याचा, पोरगं जायचं त्याच्याच कडेवर. अन दवाखान्यातून मधेच गावात येऊन जायला किती वेळ लागतो?"

"टाके घातलेलं डोकं घेऊन?"

"बरं मग, तू सांग."

"मला चौथ्या चाकाचं कळत नाही," प्रणाली म्हणाली. "सुचिताबाईंजवळ एक चाक आहे. म्हणजे बैलाला उरली तीन. चित्रात चार आहेत. चौथं कोणीतरी नंतर बनवलं. कशासाठी?"

"चाक नव्हतं म्हणून."

"अंकुर, कधीकधी तू किती बरोबर बोलतोस ते तुला कळत नाही."

*

चित्र शेजारच्या सौंसरहून आले होते. तिथे प्रभाकर डिगरसे नावाचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर घरच्या हॉलमध्ये चित्रकलेचा वर्ग चालवत. केस काळेकुळकुळीत रंगवलेले आणि मिशा पांढऱ्या ठेवलेल्या.

"मिशांना रंग लावला की शिंका येतात," ते स्वतःहून म्हणाले. "नंदी ना? अहो, वर्गातलं सगळ्यात चांगलं चित्र. लीलाबाईंचं. पासष्टी ओलांडलीय, दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा पेन्सिल धरली. मी न विचारता प्रदर्शनात पाठवून दिलं, तर माझ्याशी भांडल्या! परत आणा म्हणे, फाडून टाका म्हणे. कलाकार असेच."

"का फाडायचं ते सांगितलं?"

"नाही. रडल्या मात्र. मीच घाबरलो."

लीलाबाईंची खोली वर्गामागच्या गल्लीत होती. शेणाने सारवल्यासारखी स्वच्छ फरशी, चुलीच्या जागी गॅस, कोपऱ्यात पत्र्याची पेटी. भिंतीवर हार घातलेला फोटो: टक्कल पडलेला, लांबोळ्या चेहऱ्याचा माणूस.

"आमचे मालक. मोतीराम. गेले चार वर्सांमागं."

"काय करायचे?"

"जिनिंगमधे फिटर होते. आधी पांढुर्ण्याले, मंग हिंगणघाटले. माहं माहेर इथलंच जवळचं, रामाकोन्याचं, म्हणून इकडं आलो शेवटाले."

शेजारी दुसरा फोटो होता. विजेच्या खांबाजवळ हेल्मेट काखेत धरून उभा असलेला तरुण. दाट काळ्या भुवया, मध्ये जुळलेल्या. प्रणाली त्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली.

"मुलगा?"

"हाव. कुणाल. जबलपूरले हाये, बिजली विभागात." लीलाबाईंचा चेहरा क्षणभर उजळला.

"तुमच्यावर नाही गेला."

"नाई." मग घाईने, "बापावर गेला."

प्रणालीने मोतीरामच्या फोटोकडे पाहिले. मग चित्राबद्दल विचारले.

"नंदी जत्रेतून घेतला होता. मोडला तं फेकून देल्ला."

"फेकलेला बैल समोर ठेवून कसा काढलात, मावशी?"

लीलाबाईंनी पेटीकडे पाहिले नाही. इतक्या निश्चयाने पाहिले नाही, की अंकुरलाही ते कळले.

"मी उद्या पुन्हा येईन," प्रणाली म्हणाली. "तुमचं काही हिरावून न्यायला नाही. फक्त तुम्हाला कोणी काय सांगितलं होतं, ते ऐकायला."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली. परत आली तेव्हा अंकुरने विचारलेल्या एकाही प्रश्नाचे तिने उत्तर दिले नाही.

*

रविवारी मास्तरांच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. चित्रांचे घोडे भिंतीला लावून ठेवलेले. सुचिता दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. गुणवंता खिडकीशी, केशवराव त्याच्या बाजूला. मास्तर चहाचे कप घेऊन आले आणि सगळ्यांचे चेहरे पाहून ते तसेच परत घेऊन गेले.

"घराचा व्यवहार हाये म्हणून आलो मी," गुणवंता म्हणाला. "ही म्हणे, सौंसरले या, मंग काय ते सांगते. इथं काय लावलं हे?"

"तुमच्या घराचाच विषय आहे," प्रणाली म्हणाली.

तिने सुचिताकडून चाक घेतले आणि तळहातावर ठेवले.

"हे चाक नाल्यावर सापडलं. पूर, दगड, त्यात बैल आपटला आणि चाक निसटलं, असं सगळ्यांनी धरलं. पण आपटून निसटलेल्या चाकाची कड फुटते, नाहीतर भोक फाटतं. याला ओरखडाही नाही. आसातली खुंटी ओढून कोणीतरी ते सावकाश काढलं. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या बोटांना ते जमणार नाही. म्हणजे चाक आणि चप्पल तिथे ठेवलेली होती, सापडावी म्हणून."

केशवरावांचा हात कपाळावरच्या खुणेवर गेला.

"आता हे चित्र. इथे चौथं चाक भरीव आहे. भोकाची कड जळालेली, म्हणजे तापवलेली सळई घालून भोक पाडलंय. सुतार गिरमिटाने पाडतो. सळई तापवतो तो लोखंडात काम करणारा माणूस. चाक नाल्यावर राहिलं आणि बैल दुसरीकडे गेला, हे तर झालंच. मी अडले ती पुढच्या गोष्टीवर. बैलाला नवं चाक का लावलं?"

"चाक नव्हतं म्हणून," अंकुर पुटपुटला.

"हो. बैल चालायला हवा होता म्हणून. न खेळणाऱ्याचं खेळणं कोणी दुरुस्त करत नाही."

सुचिताने खुर्चीचा हात पकडला.

"सापडलेला नंदी कोणी आपल्या पोराले देल्ला असंल," गुणवंता म्हणाला. "त्यात काय?"

"मलाही आधी तेच वाटलं. पण ज्याला अख्खं चाक बनवता येतं, त्याला शिंग बनवायला कितीसा वेळ? त्याने चाक केलं, शिंग मात्र तसंच ठेवलं. वर ती चिंधीही तशीच ठेवली. मोडक्या खेळण्यावरची चिंधी दुरुस्त करणारा सगळ्यात आधी सोडतो. त्याला कोणीतरी सोडू दिली नाही. असं कोण करेल? ज्याच्या बैलाला आईनं पट्टी बांधली होती आणि बरा होईल म्हणून सांगितलं होतं, तो."

बाहेर कोणाच्या तरी मोटारसायकलचा हॉर्न दोनदा वाजला.

"म्हणजे..." सुचिता उभी राहिली.

प्रणालीने आतल्या दाराकडे पाहिले. लीलाबाई बाहेर आल्या. हातात कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून नंदी काढून सुचितापुढे धरला.

"हात लावू देत नव्हता, बाई," लीलाबाई म्हणाल्या. "यायनं चाक बसवलं, शिंग बी नवं करतो म्हणे. तं असा रडला, असा रडला! माह्या आईची पट्टी हाये म्हणे. मंग आम्ही कधी हातच लावला नाई."

सुचिता मटकन बसली. तिने नंदी मांडीवर घेतला. चिंधी धुळीने मातीच्या रंगाची झाली होती. तिने नखाने गाठीची एक घडी उलगडली. आत, जिथे उजेड कधी पोचला नव्हता, तिथे कापड अजून हिरवे होते.

"हाये," ती म्हणाली. तो प्रश्न होता की उत्तर, ते कोणालाच कळले नाही.

"आहे," प्रणाली म्हणाली. "जबलपूरला. सत्तावीस वर्षांचा. लीलाबाईंनी त्याला चोरला नाही. त्यांना दिला."

"कोनं?" केशवराव गरजले. "कोनं देल्ला?"

"तो रडला नाही, केशवराव. परक्याजवळ गेला असता तर रडला असता. तो तीनच माणसांच्या कडेवर जायचा. आई ताट उचलत होती. उरलात तुम्ही दोघं. आणि अंकुरनं तर तुम्हाला केव्हाच आत टाकलंय."

अंकुरने खाली पाहिले.

"पण तुम्हाला चित्र दाखवलं तेव्हा तुम्ही चिंधीला सुतळी म्हणालात. ती कधी पाहिलीच नव्हती. चित्र पेन्सिलचं. रंग नाही. खुद्द चिंधीचाही रंग आता ओळखू येत नाही. शिंग मोडलं ते देवळामागे, आणि पुढच्या क्षणाला मूल गेलं. सुचिताबाईंनी आजवर ते कोणाला सांगितलं नाही. मग तो फोटो पाहून हिरवी चिंधी कोणीही बांधतं, असं एक जण कसं म्हणाला?"

तिला नाव घ्यावे लागले नाही. केशवराव मान वळवून आपल्या भावाकडे पाहत होते.

"पोळ्याले... हिरवीच असते," गुणवंता म्हणाला. "अंदाजानं बोललो."

"भाऊ दवाखान्यात असताना गोटमारीच्या गर्दीतून तुम्ही गावात जाऊन आलात, तर ते कोणाला कळणार होतं? आणि टॉर्च नेमका काळ्या दगडाशी मारायला सांगितलात, तोही अंदाजाने?"

लीलाबाई इतका वेळ त्याच्याकडे पाहत होत्या. त्या दोन पावले पुढे गेल्या.

"भुवया त्याच हाये," त्या म्हणाल्या. "केस तेवढे पांढरे झाले. तुम्हीच आले होते ना लेकरू घेऊन, तिगावच्या टेशनावर? आम्ही हिंगणघाटले चाललो होतो, सामान घेऊन. जिनिंगमधी आमच्या मालकाले तुम्हीच म्हटलं होतं, तुम्हाले लेकरू नाई, माह्याच्यानं सांभाळणं होत नाई. बायको बाळंतपणात मेली म्हणे!" त्यांचा आवाज फुटला. "लेकराच्या एकाच पायात चप्पल. नंदीले तीन चाकं. म्या इचारलं, तं म्हणे पडलं रस्त्यात. अन ही तं इथं बसली हाये! जित्ती! चोवीस वर्सं माहं लेकरू आई कशी होती म्हणून इचारते, अन मी सांगते, देवाघरी हाये."

केशवराव उठले. त्यांनी भावाची कॉलर धरली, आणि मग धरलेला हात काय करायचा ते न कळून तसाच सोडला.

"तू... माह्यासंगं नाला धुंडाळला बे. रात्रभर. माह्या गळ्यात पडून रडला."

"ते माहं नव्हतं!" गुणवंता ओरडला. खोलीत पहिल्यांदाच कोणी इतक्या मोठ्याने बोलले. "सातव्या महिन्यात कोन्तं लेकरू जगते? मी जिनिंगवर होतो हंगामभर. हिशोब लागत नव्हता. मी मारलं नाई त्याले. चांगल्या घरी देल्लं. दुसरा असता तं..."

सुचिताने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ज्याच्याशी आपण चोवीस वर्षे बोललो तो माणूस कोण, हे तिला आत्ता कोणीतरी सांगितल्यासारखी ती पाहत होती.

"तुम्हाले तसं वाटत होतं?" तिने विचारले. "रोज? जेवतानी बी?"

त्याने खिडकीबाहेर पाहिले.

"सातव्या महिन्यात जन्मलेली मुलं जगतात, गुणवंतराव," प्रणाली हळू आवाजात म्हणाली. "कापसात गुंडाळून रात्ररात्र छातीशी धरणारी आई असली तर तेव्हाही जगत होती. पण ते मी तुम्हाला पटवत बसणार नाही. लीलाबाई, तो फोटो."

लीलाबाईंनी पिशवीतून चौकट काढली. हेल्मेट काखेत धरलेला तरुण. केशवरावांनी ती आधी हातात घेतली. चष्मा नव्हता, म्हणून अगदी डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ पाहिली.

"अरे," ते म्हणाले. "हा तं तूच हायेस."

चौकट गुणवंताच्या हातात गेली. जिनिंगच्या फाटकावर काढलेला त्याचा जुना फोटो घरी भिंतीवर होता. तीच रुंद कपाळपट्टी, एका बाजूला झुकलेली तीच मान, नाकावर टेकलेल्या त्याच भुवया. तो खिडकीला टेकला आणि हळूहळू घसरत फरशीवर बसला. काच त्याच्या गुडघ्यावर आपटून तडकली.

मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी तोंडावर हात ठेवला होता.

"पोलिसांत सांगावं लागेल," प्रणाली सुचिताला म्हणाली. "ते मी पाहीन. पण आज कोणाला काय कळवायचं, ते तुम्ही दोघींनी ठरवायचं."

लीलाबाई सुचिताच्या पायाशी बसल्या होत्या.

"फोन लावू का त्याले?" त्यांनी विचारले. "म्हणशील तं आत्ता लावते. मी काईच लपवत नाई."

सुचिताने नंदीचे भरीव चाक बोटाने फिरवून पाहिले. ते थोडे अडखळत फिरले.

"तुम्हीच सांगजा," ती म्हणाली. "माह्यासमोर नको. पहिले तुमच्या तोंडून कळू द्या. त्यानं इचारलं तं म्हणा, आई सौंसरातच हाये, मास्तरच्या घरामांगच्या गल्लीत." मग तिने संकोचून विचारले, "तुमच्या खोलीत एक खाट मावते का, बाई?"

"मावते," लीलाबाई म्हणाल्या. "मावते ना."

फरशीवरून गुणवंता बोलला. आवाज ओळखू येत नव्हता.

"सुचिता. घरी चाल. जे बोलायचं ते घरी बोलू."

तिने त्याच्याकडे पाहिले नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती केशवरावांकडे वळली. थोरल्या दिरासमोर आजवर ती कधी मान वर करून बोलली नव्हती. आता तिने केली.

"मोठे भाऊजी, त्या गिऱ्हाईकाले बोलावून घ्या. घर इकायचं हाये. आता त्या दारात कोनी यायचं राह्यलं नाई."